सरांच्या बाजूचा स्विच

सर गाडीतून उतरले ते दाराला धरून. दोन्ही पाय जमिनीला लागल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी दार सोडलं आणि वर्कशॉपच्या अंधाराकडे तोंड करून हाक मारली, "फ्यूज्या, आहेस का रे आत?"

मी खड्ड्यात होतो, एका टेम्पोखाली. मी पन्नाशी उलटलेला माणूस, बाहेर माझ्या नावाची पाटी. मला दुसऱ्या कुणी अशी हाक मारली असती तर मी ओ दिली नसती. सरांची गोष्ट वेगळी. तंत्रशाळेत पहिल्याच दिवशी मी बोर्डात तार खुपसून अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला होता. सर रागावले नाहीत. त्यांनी फ्यूजची तार माझ्या हातात दिली, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "आता तूच बसव. मी टॉर्च धरतो." सगळा वर्ग खिडकीशी उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून मी फ्यूज्या.

गाडीच्या पलीकडच्या दाराने त्यांची मुलगी उतरली. ती जनावरांची डॉक्टर. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं, त्यामुळे मी तिला चिडवायला डॉक्टरबाई म्हणतो आणि ती मला दादा. गाडी उंच, चारही चाकांनी ओढणारी. सर निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली. दोन वर्षं त्यांनी स्वतः चालवली. मग काचबिंदूने डोळे गेले. पूर्ण नाही, पण समोरचं धूसर आणि बाजूचं काहीच नाही. लायसन्स पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून गाडी मुलगी चालवते, डोंगरावरच्या गोठ्यांना जाते, आणि सर रोज तिच्या शेजारी बसून जातात.

"घरी बसवत नाही यांना," ती म्हणाली.

"घरी मी करू काय?" सर म्हणाले. "भिंतीला शिकवू?"

मग त्यांनी काम सांगितलं. ही गाडी एरवी पुढच्या दोन चाकांच्या ताकदीवर चालते. पुढची चाकं घसरायला लागली की गाडीतला कॉम्प्युटर ते ओळखतो, मागच्या एका छोट्या क्लचला वीज पाठवतो आणि मग मागची चाकंही ओढायला लागतात. सगळं आपोआप. पण 'घसरायला लागली की' यातच गोम होती. आधी घसरणार, मग कळणार, मग मदत येणार. कोरड्या रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. ओल्या मातीच्या चढावर तेवढ्या वेळात गाडी वीतभर मागे येते. मागच्या आठवड्यात ती अशीच सरकून चराच्या काठाशी थांबली होती.

"यंत्राला कळेपर्यंत थांबायचं कशाला?" सर म्हणाले. "मला चढ दिसतोय ना. मी आधीच चारही चाकं जोडून ठेवीन. एक स्विच बसव."

"दिसतोय" म्हणाले ते. मी आणि डॉक्टरबाईने एकमेकांकडे पाहिलं नाही.

"बसवू की. कुठे हवा?"

"इथे." सरांनी आपल्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, हाताने चाचपून जागा दाखवली. "माझ्या बाजूला."

"बाबा, गाडी मी चालवते."

"मग चालव ना. तू रस्ता बघ, हे मी बघतो."

"विमानासारखं? दोन पायलट?"

"एक पायलट आणि एक त्याचा मास्तर."

ती हसली, पण किल्ली माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "घरात दिव्याची बटणंसुद्धा तेच दाबतात, दादा. बसवा तिथेच."

काम अर्ध्या दिवसाचं. क्लचकडे जाणारी तार मध्ये तोडून तिथे एक रिले, म्हणजे विजेची वाट बदलणारा खटका, बसवायचा. स्विच बंद असेल तर क्लच कॉम्प्युटरच्या हुकमात. स्विच चालू केला की क्लचला थेट बॅटरीतून वीज, वाटेत फ्यूज. सर स्टूलवर बसून एकेक तार बोटांनी ओळखत होते. डॅशबोर्डवरचा खुणेचा छोटा दिवा जोडायची वेळ आली तेव्हा मी सोयीची तार धरली. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"स्विचवरून घेतोयस?"

"जवळ पडतं, सर."

"जवळ पडतं! स्विच दाबला हे माझ्या बोटाला कळतंच की. ते सांगायला दिवा कशाला? वीज क्लचपर्यंत पोचली का, ते सांगायला दिवा. मागून तार ओढून आण."

मी लांबून तार ओढली. दिवा पोचलेल्या विजेवर लागू लागला. संध्याकाळी आम्ही खाणीजवळच्या चिखलाच्या चढावर गेलो. सरांनी स्विच दाबला, लाल दिवा लागला आणि गाडी एकदाही न घसरता वर गेली. वर पोचल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटायला हात मागे टाकला. मी मागच्या सीटवर होतो, त्यामुळे थाप माझ्या कानाला लागली. तिघंही हसलो.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाई एकटी आली. गाडी बंद केली, पण खाली उतरली नाही.

"दादा, एक काम आहे. बाबांना कळता कामा नये."

चारही चाकं जोडण्याचं एक पथ्य असतं. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात, मागची लहान गोलातून. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरावं लागतं. पुढची-मागची एकत्र बांधली की त्यांना तसं करता येत नाही. चिखलात चाक थोडं घसरून हिशोब मिटवतं. कोरड्या, टणक रस्त्यावर घसरायला जागाच नसते. मग गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, क्लच तापतो. म्हणून टणक जमिनीवर स्विच बंद. हे मला सरांनीच शिकवलेलं.

पण सरांना डांबर आणि चिखल यातला फरकच दिसत नव्हता. पाठ सीटला टेकली की चढ आला असं ते समजायचे आणि स्विच दाबायचे. बंद करायला विसरायचे. शाळेजवळच्या वळणावर, कोरड्या खडखडीत रस्त्यावर, तिने स्टिअरिंग फिरवलं तर ते निम्म्यात अडलं. गाडी हवी तेवढी वळलीच नाही. समोरून एक पोरगा सायकलवर येत होता. तो आपणहून गटारात उतरला म्हणून वाचला.

"लागलं त्याला?"

"गुडघा फुटला. मीच पट्टी बांधली. बाबा विचारत होते, का थांबलो. मी म्हटलं, कुत्रं आलं."

"अगं, सांगायचं ना त्यांना!"

"स्विच माझ्या बाजूला घेऊया, एवढंच म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. हे सांगितलं तर काय होईल?" तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "पेपर सुटला, बुद्धिबळ सुटलं. ही एक सीट राहिलीय. तिथे बसले की ते कुणीतरी असतात. काढू नका. फक्त मुका करा. दिवा लागू दे, बाकी काही होऊ नये. चिखलाचं माझं मी बघते, वेग धरून चढवते."

मी नाही म्हणालो. मग पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ती नुसती डॅशबोर्डखाली बघत बसली, आणि मी पकड उचलली.

दहा मिनिटं लागली. क्लचची तार परत कॉम्प्युटरला जोडली, पहिल्यासारखी. दिव्याची तार तोडून स्विचवर आणली. जोड मात्र नेहमीसारखा केला, नीट सोल्डर करून, वरून नळी चढवून. हात दुसरं काही करायला तयारच होत नाहीत.

पुढचे दोन महिने सर खुशीत होते. वर्कशॉपवरून जाताना गाडी थांबवायला लावायचे आणि काच खाली करून ओरडायचे, "काय चढली रे आज! मागून कुणी ढकलल्यासारखी!" मी हो सर म्हणायचो. डॉक्टरबाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहायची. एकदा त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या बोटाला आता स्विचची इतकी सवय झाली आहे की चढाच्या आधी दहा पावलं तो आपोआप दाबला जातो. ते हे मोठ्या अभिमानाने सांगत होते. मी पाना पुसत राहिलो. पाना स्वच्छच होता.

मग तंत्रशाळेतून निरोप आला. नव्या प्राचार्यांनी या स्विचबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं. सरांनी येऊन मुलांना हे काम दाखवावं, अशी विनंती. सहा वर्षांनी वर्ग मिळत होता. त्यांनी शर्टाला इस्त्री करून घेतली. मला म्हणाले, "तूही ये. बोलेन मी, तू नुसता शोभेला उभा राहा."

आदल्या संध्याकाळी गाडी माझ्याकडे आणायची आणि तार परत जागेवर लावायची, असं मी आणि डॉक्टरबाईने ठरवलं होतं. पण त्या दिवशी वरच्या गोठ्यात एक गाय विताना अडली आणि ती परतली तीच दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्ग भरायच्या वेळेला. फोनवर म्हणाली, "ते दिवाच तर दाखवणार. दिवा लागतोय." मीही म्हणालो, हो, दिवा लागतोय.

शाळेचं आवार सिमेंटचं. मुलं-मुली मिळून तीस-एक. सर त्यांच्यापुढे उभे राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षांनी लहान झाले. खडूने जमिनीवर चार चाकं काढली, दोन गोल काढले, एका मुलाला मोठ्या गोलावर आणि एकाला लहान गोलावर चालायला लावलं. मग दोघांना एका दोरीने बांधून सांगितलं, "आता बरोबरीने चाला बघू." दोरी ताणली, दोघं एकमेकांवर आदळले, वर्ग खिदळला.

"गाडीचंही हेच होतं," सर म्हणाले. "आत्ता बघाल. मी स्विच लावतो, गाडी गोल फिरेल आणि अडखळेल. आपण असं टणक जमिनीवर कधी करायचं नाही. आज एकदाच, बघण्यासाठी."

हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. मी लेथ मशीनच्या शेडखाली उभा होतो. डॉक्टरबाईने स्टिअरिंगमागून माझ्याकडे पाहिलं. सरांनी खिडकीतून हात घालून स्विच दाबला. लाल दिवा लागला. ते दोन पावलं मागे आले.

गाडी गोल फिरली. लोण्यासारखी.

"अडखळली?" सरांनी विचारलं.

"नाही सर. मस्त फिरली."

"स्टिअरिंग पूर्ण वळवलं नसेल. बाळ, पूर्ण वळव गं! पुन्हा!"

दुसऱ्या फेरीत गाडीने एक गचका खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा.

"अडखळली, सर! अडखळली!"

सरांचा चेहरा फुलला. "बघितलंत? दोरी ताणली. कळलं ना आता?"

"सर," पुढे उकिडवी बसलेली एक मुलगी म्हणाली. केस घट्ट बांधलेले, हातात वही. "ती अडखळते तेव्हा मागचे लाल दिवे लागतायत."

"काय?"

"मागचे दिवे, सर. गचका बसला की लागतात, मग विझतात."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. मी मोजलं."

सर वर्गाकडे वळले. मग शिकवण्याच्या आवाजात, सगळ्या वर्गाला उद्देशून त्यांनी विचारलं, "मागचे लाल दिवे केव्हा लागतात?"

तीस तोंडांनी एकदम उत्तर दिलं, "ब्रेक दाबल्यावर!"

"बरोबर," सर म्हणाले. "शाबास. हिने नीट पाहिलं. तुम्ही सगळ्यांनी मला जे ऐकायचं होतं ते सांगितलं, हिने जे दिसलं ते सांगितलं."

गाडी थांबली होती. डॉक्टरबाई उतरली नाही. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

तास अजून अर्धा उरला होता. सरांनी तो पुरा घेतला. त्या मुलीला टेस्ट लॅम्प आणायला सांगितलं, तो मागे क्लचच्या तारेला लावायला लावला, आणि स्वतः खिडकीतून स्विच दाबला. "लागला?" "नाही सर." "पुन्हा बघ." "नाही सर." मग डॅशबोर्डखालचं झाकण तिच्याकडूनच काढवलं आणि दिव्याची तार कुठे जाते ते शोधायला लावलं. तिने जोड शोधून काढला. सरांनी आत हात घालून तो दोन बोटांत धरला. नळीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कुणाची तरी चूक झाली असेल, सर," मुलगी म्हणाली.

"नाही, बाळ. चूक करणाऱ्याचा जोड इतका नीट नसतो."

मी लेथच्या शेडखालीच राहिलो. पुढे व्हायला हवं होतं, झालो नाही. सरांनी वर्गाकडे वळून समजावून सांगितलं, की दिवा स्विचवरून घेतला की तो फक्त आपण काय मागितलं ते सांगतो, काय मिळालं ते सांगत नाही. आणि तपासायचं असेल तर नेहमी शेवटच्या टोकापासून तपासायचं. मुलांनी वहीत लिहून घेतलं. घंटा झाली.

"बाबा, चला," डॉक्टरबाई म्हणाली.

"मी बसने येईन."

"बसची पाटी वाचता येणार आहे का तुम्हाला?"

"ही वाचेल." त्यांनी त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकाकडे निघाले. ती बिचारी गोंधळून एकदा गाडीकडे बघत होती, एकदा सरांकडे.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ते खिडकीशी बसले होते, खुर्ची भिंतीकडे वळवलेली.

"या," ते म्हणाले. "बसा."

छत्तीस वर्षांत त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. मी उभाच राहिलो.

"सर, मी तार परत लावून देतो. आत्ता, जाऊन."

"कशाला? तुम्ही डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून केलंत ना? त्यांची गाडी आहे. त्या म्हणतील तसं करा."

"सर, तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. ती घाबरली."

"दोन दिवस नाही जेवलो म्हणून घाबरलात? तिसऱ्या दिवशी भूक लागलीच असती की." ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले, म्हणजे आवाजाच्या दिशेने. "कुणाला लागलं होतं का? खरं सांगा."

मी सायकलवाल्या पोराचं सांगितलं. गुडघ्याचं, पट्टीचं.

त्यांचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत गुंतले.

"केवढा होता?"

"असेल दहा-अकराचा."

"आणि मला सांगितलं, कुत्रं." त्यांनी मान हलवली. "हे मला सांगितलं असतं तर त्याच दिवशी मी स्वतः स्विच उपटून फेकला असता. तेवढा तरी मी शिकलेला आहे. भांडलो असतो आधी. तिच्याशी, तुमच्याशी, डोळ्यांच्या डॉक्टरशी. मला भांडू द्यायचं होतं. तुम्ही दोघांनी माझ्या हातात खुळखुळा दिलात आणि मी दोन महिने वाजवत बसलो, लोकांना ऐकवत. रस्त्यावर काच खाली करून."

"सर…"

"चहा घेणार?"

मी नको म्हणालो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. जिन्यात डॉक्टरबाई भेटली. तिने विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, चहा घेणार का म्हणाले.

त्यानंतर सर त्या गाडीत बसले नाहीत. मुलीने विनवण्या केल्या, रागावली, एकदा सकाळी तासभर हॉर्न वाजवत दारात थांबली. ते म्हणाले, "मी बरा आहे, तू जा. जनावरं खोळंबली असतील." आवाज चढवला नाही. ती म्हणते, चढवला असता तर बरं झालं असतं. स्विच मी काढून टाकला, भोकात रबराचं बूच बसवलं. काढताना सरांना विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परवा ती पुन्हा आली. गाडी सुरूच होती आणि आतून टिंग टिंग आवाज येत होता.

"हे बंद करा, दादा. डोकं उठलंय. वरच्या गोठ्यापर्यंत दीड तास हेच ऐकत जाते."

मी दार उघडून पाहिलं. शेजारच्या, सरांच्या सीटवर औषधांची पत्र्याची पेटी होती, चांगली जड. त्या सीटखाली वजनाचा सेन्सर असतो. पेटीच्या वजनाने गाडीला वाटत होतं, तिथे माणूस बसला आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही.

"पेटी मागे ठेव. मागे एवढी जागा आहे."

"आहे, माहीत आहे."

"मग?"

"तार तोडून होतं ना? तोडा."

"तार तोडणार नाही मी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. शेवटी स्वतःच वाकून पट्टा ओढला, पेटीवरून घेतला आणि खटका लावला. आवाज थांबला. तिने गिअर टाकला आणि आरशात बघत गाडी मागे घेतली.